निरोप आला होता

आमच्या गावात एकदा जिनाचा आणि नदीचा मिळून उत्सव झाला. मिळून, हे मुद्दाम लिहिते आहे. ज्या बाईने आमच्या जिनात काम केलं आणि संध्याकाळी नदी ओलांडून घर गाठलं, तिला ही दोन नावं एका कापडी फलकावर शेजारी शेजारी रंगवलेली पाहून काय वाटेल, हा विचार उत्सव भरवणाऱ्यांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. फलकावर लिहिलं होतं, 'आपल्या दोन माता'. अक्षरं सुबक होती, पेंटरचा त्यात काही दोष नाही. उत्सवाला आणखी एक लांबलचक संस्कृत नाव होतं. ते मी इथे लिहिणार नाही. एवढा मान मी त्याला देत नाही.

जिन म्हणजे आमच्याकडे कापसाचा कारखाना. शेतातला कापूस यंत्रात घालून सरकी वेगळी आणि रुई वेगळी करायची, मग रुई दाबून तिच्या गाठी बांधायच्या. भडगाव, एरंडोल, चोपडा, कुठेही जा, गावाबाहेर पत्र्याची उंच छपरं आणि विटांची एक चिमणी दिसली की समजायचं, जिन आलं. आमचं जिन गिरणेच्या काठाला होतं, कारण जुन्या काळी वाफेचं इंजिन होतं आणि बॉयलरला पाणी लागायचं. माझ्या लहानपणी, म्हणजे ऐंशी सालानंतर, सगळं विजेवर आलं होतं. बॉयलर गंजत पडला होता. भोंगा मात्र शाबूत होता आणि अख्खं गाव त्याच्यावर उठायचं, जेवायचं, चुली पेटवायचं.

माझी आई त्या जिनात होती. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की होळीपर्यंत ती यंत्रासमोर उभी राहून कापूस घालायची. घरी यायची तेव्हा भुवया, पापण्या, केस, सगळं रुईने पांढरं झालेलं असायचं. आम्ही भावंडं तिला म्हातारी म्हणून चिडवायचो आणि ती पदर झटकून आमच्याच अंगावर तंतू उडवायची. आत यंत्रांचा आवाज इतका असायचा की शेजारच्या बाईला काही सांगायचं तर ओरडावं लागे. त्यामुळे जिनातल्या बायकांना हळू बोलण्याची सवयच राहिली नव्हती. घरात मीठ मागायचं झालं तरी आई असं मागायची की गल्लीच्या टोकाची बाई विचारी, काय झालं? ब्राह्मण आळीतल्या एक काकू मला एकदा म्हणाल्या होत्या, तुझी आई फार भांडखोर आहे का गं? तेव्हाही मला राग आला होता. माझ्या रागाची सुरुवात तिथूनच धरायला हरकत नाही.

आईचं माहेर आणि सासर एकाच गावात; तिची धाकटी बहीण मात्र पलीकडच्या काठावरच्या गावात दिलेली होती. तीही आमच्याच जिनात यायची. पलीकडून आठ-दहा बायका रोज नदी उतरून येत. हिवाळ्यात गिरणेला पाणी ते कितीसं असणार, घोट्याएवढं, फार तर पोटरीएवढं. भाकरीचं गाठोडं डोक्यावर, चपला हातात, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. पूल होता, पण तो लांब पडायचा आणि तिथून यायचं तर पहिल्या भोंग्याला पोचता येत नसे. आई आणि मावशी एकाच रांगेत समोरासमोर उभ्या राहायच्या. बोलायचं कसलं, तोंडाच्या हालचालीवरून एकमेकींचं ओळखायच्या.

या दोघी बहिणी वर्षातून एकदा दोन्ही गावांच्या बायकांसमोर एकमेकींना शिव्या द्यायच्या. खानदेशाबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, टोपलीत गहू पेरून गौराई बसवतात. गौराई बोळवायला बायका नदीवर गेल्या की अलीकडच्या काठावरून पलीकडच्या गावाला शिव्या द्यायच्या आणि पलीकडच्या बायकांनी उलट द्यायच्या. तुमनी गौराई काणी शे. तुमन्या पोया करपेल शेतस. गौराई काणी, पोळ्या करपलेल्या, ही झाली सुरुवात. पुढचं मला लिहिता येणार नाही असं नाही, पण छापणाऱ्याची पंचाईत होईल. पुरुषांनी तिकडे फिरकायचं नाही. ज्या बाईला वर्षभर सासूपुढे, नवऱ्यापुढे, मुकादमापुढे मान खाली घालायची असते, तिचं तोंड त्या दिवशी सुटायचं. आणि त्या दिवशीची शिवी कोणी मनाला लावून घ्यायचं नाही, हा नियम होता. शिवी दिली, सूर्य मावळला, संपलं.

आमच्या काठाची पुढारी आई. पलीकडची मावशी; तिकडच्या बायकांना ती हवी असायची, म्हणून माहेरी ती दुसऱ्या दिवशीच यायची. जिनाने कमावलेले दोन आवाज. आई इकडून मावशीच्या सासरचा उद्धार करायची आणि मावशी तिकडून स्वतःच्याच माहेरचा. दोघींचा बाप एकच असल्यामुळे बापाला हात न लावता शिव्या द्यायच्या, अशी कसरत चालायची आणि दोन्ही काठ हसून हसून लोळायचे. दुसऱ्या दिवशी मावशी आमच्याकडे पुरणपोळी खायला. घसा दोघींचाही बसलेला.

मी शाळेत असताना एका हिवाळ्यात धरणातून पाणी सुटलं. खालच्या गावांना प्यायला आणि रब्बीच्या पिकांना म्हणून धरणाचं पाणी नदीत सोडतात, त्याला आवर्तन म्हणतात. सोडण्याआधी काठाच्या गावांमध्ये दवंडी देतात, की नदीत उतरू नका, गुरं उतरवू नका. त्या दिवशीही दवंडी दिली गेली. दुपारी शाळेतून येताना मी स्वतः ती ऐकली. हलगी वाजवत तो माणूस बाजारातून गेला, आमच्या गल्लीतून गेला, जिनाच्या गेटपर्यंत गेला. आत यंत्रं चालू होती. आतल्या बायकांना हलगी काय, वीज पडली असती तरी ऐकू आलं नसतं. म्हणून त्याने गेटवरच्या पहारेकऱ्याला सांगितलं, पलीकडच्या बायांना लवकर सोडा, पुलाने जाऊ द्या. पहारेकरी, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, हा निरोप घेऊन आत ऑफिसात गेले. ऑफिसात धाकले शेठ बसले होते. थोरल्या शेठनी नुकताच कारभार त्यांच्या हातात दिला होता. गाठींचा ट्रक भरायचा होता आणि बायांना लवकर सोडलं असतं तर तो त्या दिवशी भरला नसता. शेठ म्हणाले, बरं, सांगतो.

त्यांनी सांगितलं नाही. भोंगा नेहमीपेक्षाही उशिरा झाला. आई अलीकडची, ती घरी आली. पलीकडच्या बायका नेहमीच्या वाटेने नदीत उतरल्या. दिवस मावळत होता आणि पाणी वाढलेलं दिसत होतं, पण कमरेएवढ्या पाण्याला भिणाऱ्या त्या नव्हत्या. त्यांना माहीत नव्हतं ते एवढंच, की पाणी अजून यायचं आहे. शिवाय वाळू उपसून उपसून पात्रात खड्डे झालेले होते आणि गढूळ पाण्यात ते दिसत नव्हते. बाकीच्या कशाबशा परत काठाला लागल्या. तिघी गेल्या. त्यांत माझी मावशी होती.

तेव्हापासून मी एक वाक्य इतक्या वेळा ऐकलं आहे की ते ऐकलं की आजही माझ्या कपाळाची शीर उडते. 'गिरणामायनी लिधी.' गिरणामाईने नेली. सांत्वनाला आलेली बाई हेच म्हणाली. मावशीचा सासरा हेच म्हणाला. चौकशीला आलेल्या माणसांनी हेच जरा शुद्ध मराठीत लिहून नेलं. थोरले शेठ स्वतः दारात येऊन बसले, डोळ्यांना रुमाल लावला आणि म्हणाले, माय आहे ती, देते तशी नेतेही. आमच्या लोकांचा हा मोठा गुण. माणसाने केलेलं असलं की नाव घ्यायला जीभ उचलत नाही, मग नदीच्या, देवीच्या, नशिबाच्या नावावर टाकतात आणि मोकळे होतात. नदी काही बोलत नाही. तिला कोणी बोलावलंही नव्हतं. धरणाचा दरवाजा उघडला तिथून ती आली आणि येण्याआधी हलगी वाजवून सांगून आली.

निरोपाचं आम्हाला दहाव्याला कळलं. आबांनीच आईला बाजूला घेऊन सांगितलं. सांगताना रडले. चौकशीत मात्र ते म्हणाले की आपल्याला काही ठाऊक नाही. त्यांच्या घरात खाणारी तोंडं होती, मी त्यांना शिव्या देत नाही. पुढे ते मुलाकडे सुरतला गेले आणि तिकडेच वारले. दवंडीवाल्याने गेटवर निरोप दिला एवढंच त्याला माहीत. आत कोणाच्या कानावर पडला हे तो कसं सांगणार? म्हणजे त्या निरोपाचा साक्षीदार उरला एकच, धाकले शेठ.

आईला तेव्हापासून एकच गोष्ट हवी होती. पैसा नाही, शिक्षा नाही. शिक्षा होत नसते एवढं तिला माझ्यापेक्षा आधी कळलेलं होतं. निरोप आला होता, हे शेठने आपल्या तोंडाने म्हणावं, एवढंच. जिनाच्या ऑफिसात ती दोनदा गेली. एकदा तिला सांगितलं, शेठ बाहेरगावी आहेत. एकदा शेठ भेटले आणि म्हणाले, अक्का, मनाला लावून घेऊ नका, प्रकृती सांभाळा. पुढच्या हंगामात आई पुन्हा त्याच यंत्रासमोर उभी राहिली. समोरच्या जागी दुसरी बाई आली होती. लोक मला विचारतात, तुझी आई तिथे परत गेलीच कशी? अशा माणसांना मी विचारते, तुमच्या घरी धान्य कुठून येतं?

नंतर काही वर्षांनी जिन बंद पडलं. कापूस दुसरीकडे जायला लागला, यंत्रं जुनी झाली, कारणं खूप सांगितली गेली. शेठचं काही अडलं नाही. ते वाळूच्या धंद्यात गेले. नदीतून दिवसभर ट्रॅक्टर जायचे आणि पात्र खरवडल्यासारखं दिसायला लागलं. मी तोवर गावातल्याच कॉलेजात बी.ए.ला होते. जिनाच्या जागेत आता प्लॉट पडणार, अशी बातमी होती. आणि त्याच उन्हाळ्यात गावातल्या डॉक्टर, वकील, व्यापारी अशा मंडळींना एकाएकी जिनाचा आणि नदीचा पुळका आला. वारसा जपला पाहिजे म्हणाले. चिमणी ठेवायची, बाकीचं पाडायचं, आणि पाडायच्या आधी उत्सव करायचा. बळी द्यायच्या बोकडाला हार घालतात तसा.

आमच्या कॉलेजातले एक सर त्या समितीत होते. मराठी शिकवायचे. वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त आपलं बोलणं फार आवडायचं. ते आणखी दोघांना घेऊन आमच्या घरी आले. खाटेवर बसले, पाणी प्यायले आणि आईला म्हणाले, "अक्का, आखाजीच्या शिव्या ही आपली लोककला आहे. ती लोप पावते आहे. उत्सव आखाजीलाच ठेवलाय. तुम्ही स्टेजवरून सादर कराल का?"

आईने माझ्याकडे पाहिलं. सादर करणं म्हणजे काय ते मी सांगितलं.

"शेठ येतीन का?" आईने विचारलं.

"धाकले शेठ? ते तर अध्यक्ष आहेत."

"कोठे बसतीन?"

"पहिल्या रांगेत. अगदी तुमच्या समोर."

"मंग येसू," आई म्हणाली.

सर खूष झाले. उठता उठता म्हणाले, "फक्त शब्द जरा सोज्वळ ठेवा हं. बायका-मुलं असतील."

आई म्हणाली, "शिवी बी जोयजे नि गोड बी जोयजे." शिवीही पाहिजे आणि गोडही पाहिजे, हे सरांनी टिपून घेतलं. पुढे भाषणात वापरलंही.

ते गेल्यावर मी आईला विचारलं, काय करणार आहेस? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "बठ्ठं गाव राही. माईक राही. तो समोर राही. आजून काय जोयजे?" सारं गाव समोर असणार, या विचाराने मला भीती वाटली आणि बरंही वाटलं. खरं सांगायचं तर बरं वाटणंच जास्त होतं.

आखाजीचा दिवस. आमच्याकडचा उन्हाळा ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको. मांडव नदीच्या पात्रातच घातला होता, कारण पात्रात अडवायला पाणीच नव्हतं. गंजक्या बॉयलरला चंदेरी रंग मारून, झेंडूचे हार घालून काठावर आणून ठेवला होता. एका बाजूला 'जिनातील एक दिवस' असा देखावा. त्यात शाळेतल्या मुली इस्त्रीच्या लुगड्यांत, डोक्यात गजरे, ओठांना लाली, एका मोडक्या यंत्रात कापूस घालत होत्या. कोणाच्या पापणीवर एक तंतू नव्हता. डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या, बघा, तुमचाच काळ उभा केलाय. आई त्या पोरींकडे बघत राहिली. मग तिने एकीचा पदर खोचून दिला आणि म्हणाली, "आसा मोकया ठेवू नको माय, मशीनना पट्टामा जाई."

गौराई बोळवायला पाणी हवं म्हणून स्टेजपुढे वाळूत खड्डा खणून त्यात ताडपत्री अंथरली होती आणि ती भरायला नगरपालिकेचा टँकर आला. आमच्या गल्लीत टँकर येऊन किती दिवस झाले होते ते त्या गल्लीतल्या प्रत्येक बाईला पाठ होतं. पाइप सोडला तशा चार-पाच जणी हंडे घेऊन धावल्या. एकीने हंडा धारेखाली लावलाही. लगेच बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता आला आणि म्हणाला, बाई, हे कार्यक्रमाचं पाणी आहे. कार्यक्रमाचं पाणी. हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. ती बाई हंडा घेऊन बाजूला झाली आणि आम्ही सगळ्यांनी नदीत टँकरने पाणी ओतताना पाहिलं. त्यात गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या. मग सरांचं भाषण झालं. जिनाने हाताला काम दिलं, गिरणामाईने जीवन दिलं, म्हणाले. नदी देते तशी घेतेही, असंही म्हणाले. यमकासाठी म्हणाले असतील. मी पहिल्या रांगेतल्या धाकल्या शेठकडे बघत होते. ते मान डोलवत होते.

पलीकडच्या गावच्या बायका आल्याच नव्हत्या. त्यांना बोलावणं गेलं होतं, पण मावशीच्या जावेने निरोप पाठवला की आमन्या बाया तठे नाचाले येवाव नही. समितीने यावर तोड काढली. खड्ड्याच्या त्या बाजूला कॉलेजातल्या सहा मुली नऊवारी नेसवून उभ्या केल्या, हा पलीकडचा काठ. आई आणि आमच्या गल्लीतल्या बायका अलीकडे. आईच्या हातात माईक. सर म्हणाले, करा सुरू.

आईने त्या मुलींकडे पाहिलं. कोणाच्या लेकी होत्या बिचाऱ्या, घाबरून हसत होत्या. शिवी द्यायची तर समोर शिवी झेलणारी हवी. आईने एकदा खऱ्या पलीकडच्या काठाकडे पाहिलं, जिथे ऊन तापत होतं आणि कोणी नव्हतं. मग ती वळली. प्रेक्षकांकडे तोंड केलं. माईक तिने शेजारच्या बाईच्या हातात दिला, तिला त्याची गरज नव्हती.

"ओ शेठ," आई म्हणाली. "तुना जिनले कीड लागो. तुना भोंगा मुका व्हवो. तुन्या गाठी पानीमा सडोत."

हशा झाला. शेठही हसले.

"दवंडीवाला गेटवर उना व्हता. पानी सुटनं शे, बायासले सोडा, आसा निरोप उना व्हता. तू तो दाबी ठेवा. तुले ट्रक भराना व्हता." इथे तिचा आवाज असा चढला की मागच्या टोकाला उभी असलेली माणसं पुढे सरकली. "मन्ही बहीन गिरणामायनी नही लिधी. तू लिधी. तुना हाते लिधी. निरोप उना व्हता का नही, सांग. उठ नि सांग."

मला वाटलं, झालं. आता तो उठेल. काहीही म्हणेल, नाही म्हणेल, चिडेल, पोलीस बोलावेल, पण गावासमोर त्याला त्या गोष्टीला तोंड द्यावं लागेल. आणि शेठ खरोखर उठले. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि टाळ्या वाजवायला लागले.

त्यांच्यापाठोपाठ पहिली रांग उठली. मग दुसरी. डॉक्टर, वकील, डॉक्टरीणबाई, सगळे. अख्खा मांडव टाळ्या वाजवत होता. कोणी शिट्टी मारली. सर धावत स्टेजवर आले, त्यांचे डोळे भरून आले होते. माईक घेऊन म्हणाले, "पाहिलंत? ही आपली परंपरा. समोर शेठ असो की सावकार, आखाजीच्या दिवशी बाईला कोणी अडवत नाही. आणि शेठचंही मन बघा केवढं मोठं." शेठनी स्टेजवर येऊन आईला साडी दिली, वाकून नमस्कार केला. पेपरवाल्याने फोटो काढला. फोटोत आईचं तोंड उघडं आहे. ती अजून बोलत होती, पण टाळ्यांमध्ये कोणाला ऐकू आलं नाही.

मी आयुष्यात खूप खोटारडे पाहिले. नाकारणाऱ्याशी भांडता येतं. ज्याने गुन्ह्यालाच टाळी वाजवून कार्यक्रम करून टाकलं, त्याचं काय करायचं हे मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. आणि त्याच्यासोबत टाळ्या पिटणाऱ्यांत मावशीबरोबर गेलेल्या त्या दोघींचे अलीकडच्या काठावरचे नातेवाईकही होते. त्यांनाही ते छान वाटलं. त्यांचा मला शेठपेक्षा जास्त राग आला, तो अजून गेलेला नाही.

साडी आई स्टेजवरच ठेवून आली. घरी आल्यावर जेवली नाही. सकाळी उठून अंघोळ केली, धुवट लुगडं नेसली आणि मला म्हणाली, चाल. शेठच्या बंगल्यावर आम्ही पोचलो तेव्हा ते ओट्यावर चहा पीत होते. पेपरात फोटो आला होता, तो त्यांनी आईपुढे धरला.

"या अक्का. काल तुम्ही उत्सव जिंकलात."

आई म्हणाली, "काल आखाजी व्हती. आज नही शे. आते आईक." मग तिने कालचंच सांगितलं, शिवीचा एक शब्द न घालता. दवंडीवाला, गेट, आबा, ऑफिस, ट्रक. आवाजही चढवला नाही. तिला इतक्या हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. शेवटी म्हणाली, "निरोप उना व्हता. हा म्हन. कोनले सांगाव नही मी. फक्त हा म्हन."

शेठनी कप खाली ठेवला. त्यांना राग आला नव्हता. हेच मला सोसत नाही, त्यांना जरासुद्धा राग आला नव्हता. म्हणाले, "अक्का, काल तुम्ही हे साऱ्या गावासमोर बोललात. मी समोर बसून ऐकलं. उठून गेलो का? टाळ्याच वाजवल्या ना? आता आणखी काय पाहिजे?"

"टाया नको व्हत्यात माले," आई म्हणाली. "हा म्हन."

ते माझ्याकडे वळले. "तू शिकलेली आहेस. समजाव आईला." आणि आत गेले. थोड्या वेळाने गडी बाहेर आला, त्याच्या हातात ती साडी होती. स्टेजवर राहिली होती म्हणाला. आईने ती घेतली नाही. मी त्या बंद दाराकडे बघून जे बोलले ते आखाजीला शोभणारं होतं आणि त्याचा उपयोगही तेवढाच झाला.

आम्ही परत निघालो. बाजारात चहाच्या टपरीशी नेहमीची माणसं पेपर वाचत बसली होती. आईला पाहून एक जण उठला, जागा दिली, दुसऱ्याने चहा सांगितला. आमच्याच गल्लीतली माणसं, आईला मान देणारी. त्यातला एक म्हणाला, "अक्का, काय बोलनी तू काल. मी मांगे व्हतो, नीट आईकू उनं नही. एकदा परत म्हन ना, ती शेठवाली."

आई रस्त्यात उभी राहिली. त्याच्याकडे बघून म्हणाली, "निरोप उना व्हता."

टपरीवरची सगळी माणसं चहाचे ग्लास हातात धरून, हसऱ्या तोंडाने, पुढच्या शिवीची वाट बघत थांबली.